नमुन्याबाहेर

कारंज्याहून सकाळची एसटी, मग पाऊण तास पायी.
घर क्रमांक एकशे बारा.
यादीत नाव : इंदुकला. वय चौतीस, लग्नाला सोळा वर्षं.
दारात पऱ्हाटीचा ढीग, त्यावर वाळत घातलेली चादर.
तिनं पोतं झटकून अंथरलं.
मी टॅब सुरू केला.
प्रशिक्षणात सांगितलं होतं,
आधी परवानगी, मग एकांत,
चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

बँकेत खातं?
'हाव.'
स्वतःच्या नावाचं?
'हाव.'
कार्ड कोणाजवळ असतं?
तिनं पदराचं टोक चाचपलं,
तिथंच कुठं असायला पाहिजे होतं जणू.
गटाच्या कर्जातून काय घेतलं?
'दोन बकऱ्या. माह्या नावानं.'
विकायचं कोण ठरवतं?
'विकायचं थे ठरवतात.
मेली तं माही.'
यादीत सगळ्यात जवळचा पर्याय होता
'दोघे मिळून'.
मी तोच दाबला.

मग शिडीचं चित्र.
दहा पायऱ्या, वर सगळ्यात चांगलं आयुष्य,
खाली सगळ्यात वाईट.
तुम्ही कुठल्या पायरीवर?
ती बराच वेळ पाहत राहिली.
'ही शिडी टेकवली कशाले, बाई?'
चित्रात भिंत नव्हती.
तीन महिने, नऊ गावं,
मला ते दिसलंच नव्हतं.
'पाच लिवा,' ती म्हणाली, 'मधात बरं असते.'

सातवा भाग. इथं आवाज खाली आणायचा.
गेल्या बारा महिन्यांत.
कधीच नाही, कधीकधी, नेहमी.
'बारा महिने म्हंजे
त्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत?'
तसंच धरा.
'मंग कधीकधी.'
मी पुढच्या प्रश्नाकडे बोट नेलं.
'पोळ्याच्या दिवसाचं धरता का?
त्या दिवशी बैलाले बी कोणी
हात नाई लावत, म्हणून इचारलं.'

इतक्यात सासू आली, डोक्यावर काड्यांचा भारा.
नियम असा, कोणी आलं की विषय बदलायचा.
कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबलं
आणि पडद्यावर जुलाबाचे प्रश्न आले.
लेकराला जुलाब झाले तर काय देता?
'साखर-मिठाचं पानी,' इंदुकला म्हणाली,
त्याच आवाजात,
सकाळपासून आम्ही जुलाबांबद्दलच बोलत होतो जणू.

सासू गेली नाही.
भारा टाकला, चुंबळ मांडीवर घेऊन टेकली.
'मले नाई इचारत?'
आजी, वय किती तुमचं?
'सत्तरीच्या अलीकडं कुठीतरी.'
आमच्यात एकोणपन्नासपर्यंतच घेतात.
'काहून? त्याच्यानंतर लागत नाई का?'

मी टॅबकडे पाहिलं. इंदुकला चुलीकडे.
म्हातारीनं चुंबळ उलगडली,
पुन्हा गुंडाळली.
'हा डावा कान गेला, ह्याच्या बापाच्या हातानं.
उजवा चांगला हाये.'
मग बरंच खाली पाहून,
'रातच्याले मी उजव्यावर निजतो.'

बाहेर बकरी ओरडली. कोणी उठलं नाही.
इंदुकलानं पाण्याचा गडवा उचलला,
आधी सासूपुढे धरला,
मग आठवल्यासारखा माझ्यापुढे.
पाणी सांडलं थोडं. ते कोणाकडून, कळलं नाही.

परतीच्या गाडीत टॅबनं विचारलं :
एकशे बारा, पूर्ण?
बॅटरी अकरा टक्के.
सात उत्तरं राहिली होती.
अपूर्ण असल्यास कारण निवडा :
नकार. घर बंद. इतर.
इतर दाबलं
तर एक रिकामी पट्टी उघडली, वीस अक्षरांची.
खिडकी खडखडत होती, बोट नीट बसेना.
दोनदा खोडून लिहिलं :
घरात दोघी.